ऐकायचं कुणाचं?

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला आज्ञापालनाचा धडा फार लवकर मिळतो. आईवडिलांचा मान राख, पाळकसाहेबांचं ऐक, प्रभूच्या आज्ञा पाळ. संडेस्कूलच्या बाई तिन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकतात आणि लगेच गाणं सुरू होतं. त्यामुळे वडिलांचं, पाळकांचं आणि प्रभूचं म्हणणं एकच असतं असा समज डोक्यात बसतो आणि पुष्कळांच्या डोक्यातून तो जन्मभर निघत नाही. मग काहीजण कुणीही काहीही सांगितलं तरी मान डोलावतात, आणि ज्यांना त्याचा वीट येतो ते कुणाचंच ऐकेनासे होतात. मला दोन्ही जाती सारख्याच कंटाळवाण्या वाटतात.

उपदेशाच्या सुरात लिहिलं तर वाचणारे पान उलटतील, म्हणून दोन कल्पित माणसं समोरासमोर बसवली आहेत. मामा निवृत्त पोस्टमास्तर, मंडळीचे खजिनदार, घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातलं. शहराचं नाव अहिल्यानगर झालं तरी त्यांच्या तोंडात अजून नगरच. भाची पुण्यात एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स. नावं दिलेली नाहीत. वाचकांनी आपापल्या घरातली घालावीत.

भाची : मामा, मला मेमो मिळाला.

मामा : कशाचा?

भाची : वरिष्ठांचं न ऐकल्याचा.

मामा : झालं काय ते सांग आधी.

भाची : नाइट ड्यूटी होती. वॉर्डात आम्ही दोघीच. पहाटे चारच्या बीपीच्या फेरीला निघाले आणि कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजोबांना दम लागला. ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा, आयसीयूत हलवा, यात साडेपाच होऊन गेले. सहाजणांचं चारचं बीपी राहिलं ते राहिलंच. सहाला घेतलं ते मी सहाच्या वेळेने लिहिलं. इनचार्ज सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, चारच्या चौकटी मोकळ्या दिसता कामा नयेत, बाराचे आकडे दोन-चारने पुढेमागे करून टाक, राउंड यायच्या आत. मी चौकटी मोकळ्याच ठेवल्या. शेऱ्यात कारण लिहिलं आणि खाली सही केली.

मामा : मग बरोबरच केलंस. बोलताना आवाज चढवला नाहीस ना?

भाची : बघा! पहिला प्रश्न आवाजाचा.

मामा : अगं, खरं बोलणं वेगळं आणि खेकसणं वेगळं. आणि तू आज्ञा मोडलीस असं मला वाटतच नाही. एक मोडून दुसरी पाळलीस. खोटी साक्ष द्यायची नाही, ही दहांतलीच आहे.

भाची : खरं सांगू? चार्टपुढे उभी होते तेव्हा दहांतली एकही आठवली नाही. नऊ नंबरच्या बाईंचा गोळीचा डोस त्या आकड्यावर ठरणार, एवढंच आठवलं.

मामा : म्हणजे शेजारी आठवला. तेही आज्ञेतच येतं.

भाची : तुम्ही ना, माझं न ऐकणंसुद्धा शेवटी ऐकण्याच्याच खात्यात जमा करणार.

मामा : करणार, कारण ते तिथलंच आहे. आता माझं ऐक. दर रविवारी उपासना झाली की मागच्या खोलीत आम्ही अर्पण मोजतो. टेबलावर चादर अंथरायची, थैल्या उलट्या करायच्या. मोजायला दोघं, एकट्याने थैलीला हात लावायचा नाही, हा नियम. दशमांशाची पाकिटं वेगळी काढून नाव आणि आकडा वहीत चढवायचा. दहाच्या नोटांच्या अगदी बारीक घड्या घातलेल्या असतात, म्हाताऱ्या बायका रुमालाच्या गाठीतून आणतात, त्या एकेक सरळ करायच्या. शेवटी दोघांच्या सह्या आणि सोमवारी बँकेत भरणा. मागे कमिटीतले एक वजनदार गृहस्थ मोजणी चालू असताना आत आले. रंगाऱ्याला ॲडव्हान्स द्यायचाय, यातलेच पाच हजार काढा, ठराव पुढच्या मीटिंगला करून घेऊ. मी म्हटलं, ठराव आधी. ते अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत.

भाची : म्हणजे तुम्हीही मोठ्यांचं ऐकलं नाहीत!

मामा : नियमाचं ऐकलं. तो नियम मी त्या दिवशी, त्या माणसाचा राग आला म्हणून काढलेला नव्हता. माझ्या आधीच्या खजिनदारांनी घालून दिलाय आणि तो मलाच जास्त जाचतो. जोडीदार आला नाही की थैल्यांकडे बघत बसून राहावं लागतं, घरी जेवण निवतं. पण म्हणूनच तो बरा. देवाचं म्हणणं आणि आपल्या मनाचं म्हणणं दरवेळी एकच निघतं असं ज्यांच्या बाबतीत होतं ना, त्यांची मला भीती वाटते. आधी लिहून ठेवलेली आज्ञा आपल्या सोयीने हलत नाही.

मामांच्या या बोलण्यात दम आहे, हे मी त्यांच्या विरुद्ध पक्षाचा असूनही कबूल करतो. आजकाल मनाला पटेल तेच करावं हा सल्ला चहाच्या टपरीपासून व्यासपीठापर्यंत सगळीकडे मिळतो. मन कुणाचं, त्याला काय पटतं, आणि ते पटण्यात आपला फायदा किती, हे विचारायला कुणी थांबत नाही.

भाची : आणि आधी लिहून ठेवलेलीच चुकीची असली तर? मिसरात फारोचा हुकूम होता की इब्री बायकांना मुलगा झाला की सुइणींनी तो मारून टाकायचा. शिप्रा आणि पुवा या दोघींनी एकही मारला नाही, आणि विचारल्यावर फारोला थाप मारली की आम्ही पोचायच्या आतच त्या बाळंत होतात. शास्त्रात त्या दोन सुइणींची नावं आहेत. फारोचं नाव नाही.

मामा : थाप मारली हे तुला बरं लक्षात राहिलं. चार्टवर खोटं लिहायचं नाही, फारोशी खोटं बोललं तर चालतं?

भाची : त्यांच्या खोट्याने पोरं जगली. माझ्या खोट्याने बाई दगावली असती.

मामा : मग तू आज्ञा पाळत नाहीस, हिशेब करतेस.

भाची : करते. आणि मी एकटीच करत नाही. आपल्या मिशनचंच घ्या ना, तुम्ही दर समारंभात 1813 सालापासून सुरू करता. हॉल आणि नॉट हे पहिले मिशनरी मुंबईत उतरले कसे? कंपनी सरकारने कलकत्त्यात त्यांना परत जायचा हुकूम दिला होता. तो मोडून ते फेब्रुवारीत मुंबईला आले. त्यांनी सरकारचं ऐकलं असतं तर ना नगरची मंडळी, ना ज्ञानोदय, ना तुम्ही खजिनदार.

मामा : त्यांना परवानगी मिळाली नंतर.

भाची : नंतर! तुमच्या गृहस्थांनाही ठराव नंतरच करायचा होता.

हा टोला मामांना बसला. ते चष्मा पुसू लागले, आणि भाचीने तेवढ्यात पंडिता रमाबाईंना मध्ये आणलं. आमच्याकडे रमाबाईंचं नाव निघालं की माणसं आदराने सरळ होऊन बसतात, आणि तो आदर बहुधा त्यांना वाचण्याच्या आड येतो.

भाची : रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला 29 सप्टेंबर 1883ला, इंग्लंडमध्ये वाँटेजला, सिस्टरांच्या मठात. सोबत लहानगी मनोरमा. परका देश, हातात पैसा नाही, राहणं-खाणं सगळं त्या सिस्टरांच्या आधारावर. नव्या विश्वासात आलेल्या बाईने गप्प राहावं अशी याहून सोयीची परिस्थिती कुठली? पण बाई गप्प बसल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. क्रॉसवर अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली की याने हिंदुस्थानात त्यांचं वजन कमी होईल. त्यावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना काय कळवलं? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महाप्रयासाने मान काढलीय, ती दुसऱ्याच्या जोखडात द्यायची नाही, असा त्याचा अर्थ. आणि हे लिहायचं कुणाला, तर जिला पत्राच्या मायन्यात प्रेमाने आजीबाई म्हणायचं तिला.

मामा : आजीबाईंची बाजू कुणी सांगत नाही. त्या बाईंनी हिला आसरा दिला, मनोरमेला माया लावली. त्यांना काळजी ही, की काल विश्वासात आलेली मुलगी आज त्रैक्यावर वाद घालते, उद्या सगळंच सोडून देईल. नम्र हो, थोडं ऐकून घे, एवढंच त्या म्हणत होत्या.

भाची : आणि ऐकून घेत नाही म्हणजे गर्विष्ठ आहे, असंही म्हणत होत्या. इनचार्ज सिस्टरांनी मेमोत तोच शब्द घातलाय, मामा. इंग्रजीत.

मामा : एकदम इनचार्जवर नको जाऊस. मदर तेरेसांचं बघ. 1946च्या सप्टेंबरात त्यांना गरिबांत जाऊन राहायची हाक आली. बाई निघाल्या का लगेच? लोरेटोच्या मठात राहिल्या, आर्चबिशप पेरियर हो म्हणेपर्यंत थांबल्या, मग रोमहून परवानगी यायची थांबल्या, आणि 1948मध्ये बाहेर पडल्या. देवाने सांगितलंय असं शंभर टक्के वाटत असताना माणसाच्या परवानगीसाठी थांबणं, हे मला रमाबाईंच्या पत्रांपेक्षा अवघड वाटतं.

भाची : थांबल्या, पण त्या काळात आर्चबिशपांना किती पत्रं लिहिली! उशीर का, कधी, अजून का नाही. पिच्छा सोडला नाही त्यांनी.

मामा : पिच्छा पुरवायला माझी ना नाही. जागा सोडली नाही, हे महत्त्वाचं.

भाची : त्यांनी पूर्वीच शपथ घेतली होती, तीन व्रतांतलं आज्ञापालन हे एक. रमाबाईंनी अशी शपथ कुठे घेतली होती? बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या नावाने, बिशपांच्या नाही. व्रत न घेतलेल्या बाईकडून व्रताची अपेक्षा करायची, हीच तर आपल्याकडची गंमत आहे. लग्न झालेल्या मुलीकडून करतात, नव्या विश्वासणाऱ्याकडून करतात, नर्सकडून तर हमखास.

यात थोडी भर घालतो. रमाबाई आणि जेराल्डीन यांची ही पत्रं आज आपल्यापुढे आहेत ती जेराल्डीन यांनी ती जमवून ठेवली म्हणून. 1977मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. जिला आपली शिष्या हट्टी वाटली त्या बाईने शिष्येचा युक्तिवाद फाडून टाकला नाही, नीट जपला. मला जेराल्डीन यांच्याबद्दल यामुळे आदर वाटतो, आणि अधिकाराच्या जागेवरच्या माणसांनी शिकावं असं त्यात पुष्कळ आहे. आमच्या कमिट्यांची इतिवृत्तं बघा. विरोध करणाऱ्याचं नावसुद्धा सापडत नाही.

मामा : आता रमाबाईंचा उत्तरार्ध मी सांगतो, तो तू टाळतेस. दौंडजवळचं केडगाव, त्यांचं मुक्ती मिशन. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. शेकडो मुली. एवढं मोठं घर मन मानेल तसं चालतं का? उठायची वेळ, दळायची वेळ, प्रार्थनेची वेळ, छापखान्याचं काम. तिथे शब्द चालायचा तो रमाबाईंचा. आणि शेवटची कितीतरी वर्षं बाई काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर, गावातल्या बाईला कळेल अशा मराठीत. रोज बसायचं, पुढची ओळ घ्यायची. 1921मध्ये मनोरमा गेली. पोटची एकुलती एक मुलगी. तरी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922ला बाई गेल्या तेव्हा ते काम झालेलं होतं, आणि 1924मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून ग्रंथ बाहेर आला. मी आज्ञापालन म्हणतो ते हे. कुणाला ठणकावून नाही म्हणणं एका पत्राचं काम असतं गं. हे रोजचं आहे.

भाची : पण मामा, ते भाषांतर त्यांना कुणी करायला सांगितलं होतं? मराठीत शास्त्र आधीच छापलेलं होतं. कुठल्याही बिशपाने, कुठल्याही बोर्डाने हे काम त्यांच्यावर सोपवलं नव्हतं. इंग्लंडात बिशपांना नाही म्हणणारी बाई आणि केडगावला रोज टेबलाशी बसणारी बाई एकच आहे. तिथे नाही म्हटलं म्हणून इथे बसता आलं. तिथे मान खाली घातली असती तर कुठल्या तरी मिशनच्या पगारावरची गुणी शिक्षिका होऊन राहिल्या असत्या.

मामा : असेल. पण नाही म्हणणारे शंभर असतात. टेबलाशी बसणारे किती?

भाचीला यावर पटकन काही सुचलं नाही. मलाही नाही.

मग तिने विषय टिळकांकडे वळवला. नगरच्या माणसापुढे टिळक म्हटलं की ते रेव्हरंड नारायण वामन, लोकमान्य नव्हेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाची : माझी एकच कसोटी आहे. आज्ञा कुणाला झाली आणि किंमत कुणी मोजली? टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. प्रभूची हाक ऐकली, खरं आहे. पण लक्ष्मीबाईंना विचारलं नव्हतं. पदरात दत्तू, नवरा बाटला म्हणून लोकांची बोलणी, आणि नातलगांच्या दारी वर्षानुवर्षं. हाक एकाला, शिक्षा दुसरीला. स्मृतिचित्रे वाचताना आपण हसतो, कारण बाई लिहितातच तशा. पण त्या पानांवर हसू आलं तरी पोटात गोळा येतो.

मामा : टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली का?

भाची : नाही केली.

मामा : लक्ष्मीबाई आल्या त्या 1900 साली, आपल्या पायांनी. सोवळं-ओवळं सोडलं तेही आपल्या बुद्धीने, नवऱ्याच्या हुकमाने नाही. त्यांच्या विश्वासाला टिळकांची झेरॉक्स समजू नकोस. आणि टिळकांनी 1917मध्ये मिशनचा पगारही सोडला, त्याची झळ पुन्हा घरालाच लागली. मग काय, घराला झळ लागते म्हणून माणसाने ऐकायचंच नाही? तुझी कसोटी लावून बघ. फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातला शेतकरी, गावच्या चर्चची देखभाल करणारा. हिटलरच्या सैन्यात शपथ घेऊन लढायला नाही म्हणाला. गावचे पाळक, खुद्द बिशप, सगळे सांगत होते की बाबा, सरकारचं ऐक, तुला तीन लहान मुली आहेत. त्याने ऐकलं नाही. 9 ऑगस्ट 1943ला त्याचं डोकं उडवलं. बायको फ्रान्झिस्का मागे राहिली. गावाने तिलाच दोष दिला, युद्धविधवांना मिळणारी पेन्शनही तिला कैक वर्षं नाकारली. हाक एकाला, शिक्षा चौघींना. तुझ्या मापाने तो चुकला?

भाची : ...नाही. तो चुकला असं मी म्हणणार नाही.

मामा : मग माप बदल.

भाची : बदलत नाही. त्यात भर घालते. येगरश्टेटरने आधी स्वतःची मान दिली, मग घराला झळ लागली. आणि बायकोला अंधारात ठेवलं नव्हतं. ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. माझं भांडण त्यांच्याशी आहे जे स्वतः काहीच देत नाहीत आणि दुसऱ्याला ऐक म्हणतात. मंडळीत एखादी बाई पाळकांकडे जाते, सांगते, नवरा मारतो. तिला काय सांगतात? सहन कर, नवऱ्याच्या अधीन राहा, प्रार्थना कर. सांगणाऱ्याच्या अंगावर वळ उठतो का?

मामा : असं सांगणारा पाळक चुकतो.

भाची : चुकतो म्हणता, पण त्याला कधी म्हणालात? तुम्ही तर कमिटीत आहात.

मामा या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, म्हणून ती जागा मी घेतो. ख्रिस्ती विश्वासात आज्ञापालनाला जो मान आहे तो एका कारणाने आहे : ज्याच्या आज्ञा पाळायच्या त्याने स्वतः आधी पाळल्या, गेथशेमाने बागेत घाम गाळत, नको नको म्हणत, आणि शेवटी वधस्तंभापर्यंत जाऊन. हुकूम सोडणारा मागे सुरक्षित बसला आणि शिपाई पुढे मेला, अशी ही गोष्ट नाही. हे काढून टाकलं तर उरतं ते कुठल्याही कचेरीतलं, कुठल्याही छावणीतलं आज्ञापालन, आणि त्यासाठी ख्रिस्ताची गरज नाही. म्हणून नवरा, पाळक, कमिटी, इनचार्ज यांनी ख्रिस्ताचं नाव घेऊन ऐक म्हटलं, की त्यांनी स्वतः काय सोसलंय ते विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. भाचीच्या कसोटीला मी एवढा टेकू देईन.

पण मामांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. उलट सांगणाऱ्यांना तपासून झाल्यावर तो जास्तच टोचतो. खोटे धनी बाजूला केले, ठीक. मग खऱ्याचं तरी ऐकतो का? भाचीने याच ठिकाणी मामांना पकडलं, आणि मामांनी तिला.

भाची : तुम्ही लिहून ठेवलेल्या आज्ञेचं म्हणता ना? मग ही घ्या. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. धाकट्या मामांशी तुम्ही कधीपासून बोलत नाही?

मामा : बांध त्याने कोरला.

भाची : मी बांधाचं विचारलं नाही.

मामा : तलाठ्याच्या नकाशात सरळ दिसतंय. दर नांगरटीला एक-एक तास इकडे सरकतोय. तीन हात जमीन गेली.

भाची : सुगीच्या सणाला धाकटे मामा बाजरीची गोणी आणतात. कोंबड्या, भोपळे, कणसं, सगळ्याचा लिलाव होतो आणि वही तुमच्याकडे. त्यांची गोणी आली की तुम्ही काय करता? नाव लिहिता, बाजरी एक गोणी, पावती फाडता, आणि ती शेजारच्या माणसाच्या हाती त्यांना देता. मी डोळ्यांनी बघितलंय. वेदीवर भावाचं अर्पण तुम्हीच घेता आणि भावाकडे बघत नाही.

मामा : त्याच्या मनात माझ्याविषयी काही असेल तर त्याने यावं. शास्त्रात आठवण कुणाला झाली ते बघ. मला त्याच्याविषयी आहे, त्याला माझ्याविषयी...

भाची : मामा, पोस्टात पत्ता अपुरा म्हणून पत्र परत पाठवायचात तसं करताय तुम्ही आज्ञेचं.

मामा : हं. बोल, बोल. आणि तुझं काय? शब्बाथ पाळायचा, एकत्र जमणं सोडायचं नाही, हेही लिहिलेलंच आहे. पुण्यात गेल्यापासून किती रविवार देवळात गेलीस?

भाची : रविवारी ड्यूटी असते.

मामा : सगळ्या रविवारी?

भाची : नसते तेव्हा झोपते. रात्रभर उभं राहून या एकदा, मग विचारा.

मामा : झोप ना. मी नाही म्हणत नाही. सकाळची उपासना चुकली तर संध्याकाळची असते. मला म्हणायचंय ते इतकंच, की इनचार्जचं ऐकायचं नाही, बिशपांचं ऐकायचं नाही, कमिटीचं ऐकायचं नाही, हे तुझं पाठ आहे. ऐकायचं कुणाचं, आणि कधी, ही यादी मला तुझ्याकडून अजून मिळालेली नाही.

भाची : त्या रात्री दम लागलेल्या आजोबांचं ऐकलं ना. चारचा राउंड सोडून.

मामा : ते ऐकलंस. ते खरंच ऐकलंस.

भाची : मग?

मामा : मग काही नाही. समोर माणूस धापा टाकत असला की तुला ऐकू येतं. चांगलं आहे. रमाबाईंना केडगावच्या टेबलाशी कुणी धापा टाकत नव्हतं, तरी ऐकू येत होतं. तिथे माझी गाडी अडते, आणि तुझीही अडेल, अजून वय नाही तुझं.

भाची : वयाचं काढू नका.

मामा : बरं, नाही काढत. यंदा सुगीच्या सणाला तरी ये. लिलावाला माणसं कमी पडतात, आवाज चांगला आहे तुझा.

भाची : रजा मिळाली तर येईन.

मामा : अर्ज दिलास?

भाची : नाही अजून.

मामा : मग मिळाली तर म्हणजे काय? अर्जच केला नाही तर मिळेल कशी?

भाची : देते. उद्या देते. तुम्ही धाकट्या मामांना बोलावणार का?

मामा : पत्रिका सगळ्यांना जाते.

भाची : ती मंडळीची जाते. तुमच्या तोंडचं बोलावणं?

मामा : तू आधी अर्ज दे, मग बघू.

भाची : बघू म्हणजे?

मामा : बघू म्हणजे बघू!